गोव्यात वेलनेस फेस्टिव्हलला एक दिवस यायचंय? नेहमी येणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की आमच्या पेडणे तालुक्यात, म्हणजे मोरजी-मांद्रे-हरमल पट्ट्यात, योगा, साउंड बाथ (आडवं पडून गाँग-घंटांचा नाद ऐकणं), ब्रेथवर्क (श्वासाचे प्रकार) असल्या फेस्टिव्हलची पोस्टरं झळकायला लागतात आणि माझ्या मेसेजमध्ये सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, शिवाय आमचे म्हापसा-डिचोलीवाले, सगळे तेच तेच विचारतात. मी अशा ठिकाणी व्हॉलंटियर म्हणून गेटवर आणि पाण्याच्या स्टॉलवर उभी असते, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते रोज दिसतं. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. हे कुठल्या एका फेस्टिव्हलबद्दल नाही, त्यामुळे तारीख-तिकिटाचे आकडे इथे शोधू नका.

१. हे नक्की असतं काय? योगा शिबिर की जत्रा?

दोन्हीच्या मधलं. माडांची बाग, कापणी झालेलं शेत किंवा किनाऱ्यालगतचं एखादं रिसॉर्ट, तिथे तीन-चार मांडव घातलेले असतात आणि प्रत्येकात एकाच वेळी वेगळं काहीतरी चालू असतं. एकीकडे हठयोग, दुसरीकडे गाँग (धातूची मोठी थाळी) वाजतोय, तिसरीकडे लोक डोळे मिटून नाचतायत. मधे खाण्याचे स्टॉल, कपडे-दागिने-तेलं, टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य सांगणारा, मसाजची खाट, आणि झाडाखाली नुसतेच लोळणारे लोक. शिबिरासारखी हजेरी नसते, कुठेही जा, मधेच उठा, कोणी विचारत नाही. एकच पाळायचं, सत्र सुरू झाल्यावर धाडकन आत शिरायचं नाही, तिथे चपलांचा आवाजसुद्धा ऐकू जातो.

२. मला योगा अजिबात येत नाही, वजन पण जास्त आहे. हसतील का?

कोणी बघतसुद्धा नाही, खरंच. सकाळच्या सत्रात निम्मे लोक नवखेच असतात. वेळापत्रकात "सर्वांसाठी", "जेंटल", "यिन", "रिस्टोरेटिव्ह" असं लिहिलेलं सत्र घ्या, "अष्टांग", "पॉवर विन्यास", "अ‍ॅक्रो" पहिल्याच दिवशी नको. मागच्या रांगेत मॅट टाका, सुरुवातीलाच शिक्षकांना गुडघा, कंबर, बीपी काय असेल ते सांगा. विचारलं नाही तरी सांगा. चांगला शिक्षक लगेच दुसरा पर्याय दाखवतो, आणि जो म्हणतो "काही होत नाही, करा करा", त्याच्या मांडवातून उठून सरळ चहा प्यायला जा.

३. कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. त्यातही डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, सगळा देश गोव्यात असतो, खोली मिळत नाही आणि शिवोली-चोपडे पुलाच्या रस्त्यावर गाडी हलत नाही. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हा माझ्या मते सगळ्यात बरा काळ, सकाळ थंड असते आणि घाम कमी येतो. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर दिवसभर बसवत नाही. आंतरराष्ट्रीय योग दिन २१ जूनला असतो, पण तेव्हा इथे मुसळधार पाऊस, सगळे कार्यक्रम हॉलमध्ये.

४. एका दिवसाच्या पासमध्ये काय काय येतं?

साधारणपणे आत जाणं आणि मांडवातली ग्रुप सत्रं. जेवण, मसाज, वैयक्तिक सेशन, आइस बाथ, कधीकधी ककाओ (कोकोचं कडू पेय), याचे पैसे वेगळे. काही ठिकाणी सत्राची जागा अ‍ॅपवर आधी धरावी लागते आणि नेमकी साउंड बाथची जागा सकाळीच संपते, तेव्हा पास घेताना "सत्रासाठी वेगळं बुकिंग आहे का" एवढं विचाराच. हातात पट्टा बांधतात, तो काढायचा नाही. बाहेर जाऊन परत येता येतं का तेही विचारून ठेवा, काही जण एकदा बाहेर पडलात की संपलं म्हणतात. कॅशलेस पट्टा असेल तर थोडे थोडे पैसे भरा, उरलेले परत घ्यायची रांग रात्री लांबलचक असते. आणि खिशात थोडी कॅश ठेवा, एवढी माणसं एका जागी जमली की नेटवर्क जातं आणि शहाळंवाला यूपीआयची वाट बघत बसत नाही.

५. यायचं कसं? स्टेशन, विमानतळ, बस, सगळं सांगा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी उत्तर गोव्यात थिवी सोयीचं, मुंबई-मडगाव वंदे भारतही तिथे थांबते. पेडणे स्टेशन अंतराने जवळ पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. चुकून मडगावचं तिकीट काढू नका, मग गोवा उभा पार करून परत वर यावं लागतं. विमानाने येत असाल तर मोपाचं बघा, हा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो पेडणे तालुक्यातच आहे, दाबोळीवरून याल तर रस्त्यातच बराच वेळ जाईल. मोपाहून कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बस आहेत. म्हापसा स्टँडवरून मांद्रे-हरमलला बस मिळतात, स्वस्त आणि गर्दीच्या, पण अंधार पडला की विरळ होतात.

उबर-ओला इथे चालत नाहीत, तो प्रश्न रोज येतो. गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, स्थानिक टॅक्सीवाले आहेत (भाडं बसायच्या आधी ठरवा), एकटे असाल तर पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. भाड्याची स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीवाली खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर पोलिसांनी थांबवल्यावर तुम्हीच उभे राहणार. हेल्मेट घाला.

बेळगाववाले चोर्ला घाटाने, कोल्हापूरवाले आंबोलीने सावंतवाडीमार्गे. शिरोडा-रेडीकडून येणाऱ्यांना तेरेखोल-केरी फेरीबोट हा मस्त रस्ता आहे, फक्त वेळा आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून घ्या. परतीचं प्रश्न २३ मध्ये लिहिलंय, ते आत्ताच वाचा, रात्री नको.

६. किती वाजता पोचू आणि दिवस कसा लावू? वेळापत्रक बघून डोकं गरगरलं.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. पैसे भरलेत म्हणून सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एकही सत्र सोडायचं नाही असं ठरवून येतात आणि दुपारी दोनला पाण्याच्या स्टॉलमागे डोकं धरून बसलेले सापडतात. माझं सरळ सांगणं, दिवसाला तीन सत्रं. एक अंग हलवायचं सकाळी, एक आडवं पडून राहायचं दुपारी उशिरा, एक सगळ्यांबरोबरचं संध्याकाळी. बाकीचा वेळ मोकळा ठेवा, अगदी खरोखर मोकळा, मोबाइलवर रील बघण्यात घालवायचा नाही.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, म्हणून साडेसहा-पावणेसातला गेटवर असाल तर सकाळचं सत्र गारव्यात होतं, गर्दी नसते, आणि दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नाही अशी शांतता असते. नऊला नाश्ता, मग एखादं हलकं काहीतरी किंवा नुसतं भटकणं. बारा ते साडेतीन सावलीत राहा. इथलं ऊन घाटावरच्या उन्हासारखं कोरडं नाही, दमट आहे, घाम अंगावर सुकत नाही, माणूस हळूहळू थकतो आणि त्याला कळत पण नाही. चारनंतर समुद्राचा वारा सुटतो तेव्हा दुसरं सत्र. सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाला, त्या वेळी कुठल्याही मांडवात नका बसू, किनाऱ्यावर जा. मग शेवटचं.

दोन मांडवांच्या मधे वाळूतून चालायचं असतं, आणि सत्रं अर्धा तास मागेपुढे होतातच, त्यामुळे एक संपलं की लगेच दुसरं असं आखलं तर दोन्ही अर्धवट होतात. जेवणानंतर दोन तास तरी ब्रेथवर्क किंवा उलटं होण्याची आसनं नकोत. मित्रांबरोबर आलात तर सगळ्यांनी एकत्रच सगळं करायचा हट्ट सोडा, एकाला नाचायचं असतं आणि एकाला झोपायचं असतं, जेवायला भेटा.

७. काय घालू, बरोबर काय आणू?

सुती, सैल, गुडघे वाकवता येतील असं. पांढरे कपडे नकोत, लाल मातीचे डाग जात नाहीत. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली (भरायची सोय असते, काचेची नको), ओआरएसची दोन पाकिटं, स्वतःची मॅट असेल तर उत्तम, नसेल तर जाड चादर. एक शाल किंवा स्वेटर नक्की आणा. लोक हसतात "गोव्यात स्वेटर?" म्हणून, पण जानेवारीत रात्री दव पडतं आणि साउंड बाथला जमिनीवर तासभर निश्चल पडल्यावर थंडी वाजते. संध्याकाळी डासांसाठी ओडोमॉस. छोटी टॉर्च, कारण गाड्या शेतात लावलेल्या असतात.

८. जेवायला फक्त घासफूस मिळतं का? मासे?

आत बहुतेक ठिकाणी शाकाहारी किंवा वीगन, बाऊल आणि स्मूदी, आणि दर शहरातले. पण हल्ली गावातल्या बायका स्टॉल लावतात तिकडे जा, पातळ भाजी नि पोई (गोव्याचा पाव), तांबडी भाजी, खतखतं, सोलकढी, नाचणीचं तीझण. उन्हात स्मूदीपेक्षा शहाळं आणि पेज कधीही भारी. हुमण-शीत म्हणजे माशाची आमटी-भात हवंच असेल तर दुपारी बाहेर गावातल्या खाणावळीत जा (परत आत घेतात का ते प्रश्न ४ प्रमाणे आधी विचारून), आणि नंतर सत्र घेऊ नका, झोप घ्या. उपास असेल तर फळं आणि शहाळं सगळीकडे असतं, साबुदाणा मात्र विसरा.

९. बियर वगैरे मिळते का? गोव्यात येऊन कोरडंच राहायचं का?

बहुतेक फेस्टिव्हल दारूमुक्त असतात आणि गेटवर पिशवी बघतात. पिऊन आलात तर सत्रात बसू देत नाहीत, त्यात भांडायचं काही नाही, पोटात दारू घेऊन आइस बाथ किंवा ब्रेथवर्क म्हणजे खरंच धोका. उघड्या किनाऱ्यावर बसून पिणं हा गोव्यात दंडाचा गुन्हा आहे, आणि दारूचं वय २१. फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान ठेवून दुसऱ्या दिवशी एखाद्या चांगल्या जागी बसून घ्या, मार्च-एप्रिलमध्ये आलात तर उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू). गांजा किंवा "प्लांट मेडिसिन" म्हणून कोणी कानात काही सुचवलं तर नाही म्हणायचं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि तो फेस्टिव्हलच्या कुंपणाआत पण लागू होतो.

१०. साउंड बाथमध्ये करायचं काय असतं?

काही नाही. आडवं पडायचं, डोळे मिटायचे, समोरचा माणूस काशाचे वाडगे, गाँग, घंटा वाजवत राहतो, तासभर. झोप लागली तर लागू द्या, घोरलात तर शेजारचा हळूच हलवेल. नवख्यांना मी पहिलं हेच सुचवते, कारण यात चुकण्यासारखं काही नाही. मात्र कानात सतत आवाज येण्याचा त्रास असेल तर गाँगपासून लांब झोपा, आणि फिट येत असतील, पेसमेकर असेल किंवा गरोदरपणाचे पहिले महिने असतील तर डॉक्टरांना विचारून या.

११. ब्रेथवर्कमध्ये म्हणे लोक रडतात, हात वाकडे होतात. सेफ आहे का?

इथे जरा थांबून वाचा. ब्रेथवर्क या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे हळू श्वास, नाडीशोधन, भ्रामरी, लांब उच्छ्वास, त्यात बहुतेकांना काही त्रास नाही. दुसरं म्हणजे तासभर तोंडाने जोरजोरात, न थांबता श्वास, मोठ्या म्युझिकवर. होलोट्रॉपिक हा त्यातला प्रसिद्ध प्रकार, स्टॅनिस्लाव ग्रोफ या चेक मानसोपचारतज्ज्ञाचा.

दुसऱ्या प्रकारात होतं असं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने कमी होतो, रक्त अल्कलाइन होतं, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर, मुंग्या, ओठ बधिर, आणि बोटं आत वळून हात चिमट्यासारखे होतात. मांडवात याला "अडकलेली भावना बाहेर पडतेय" म्हणतात, भावनेचं मला माहीत नाही, पण हाताचं कारण रसायनशास्त्र आहे, आणि श्वास हळू केला की काही मिनिटांत हात सुटतात. घाबरू नका, नाकाने सावकाश श्वास घ्या, कुशीवर व्हा, डोळे उघडा.

हृदयविकार, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, फिट येणं, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, गरोदरपण, नुकतंच ऑपरेशन, तीव्र दमा, बायपोलर किंवा सायकोसिसचा इतिहास, यातलं काहीही असेल तर हे सत्र तुमच्यासाठी नाही, "थोडंसंच करते" असं पण नाही. आधी फॉर्म भरून न घेता किंवा निदान तोंडी न विचारता शंभर लोकांना झोपवून सुरुवात करणारा माणूस दिसला तर मी स्वतः आत जात नाही.

१२. ककाओ सेरेमनी म्हणजे नशा असते का?

नाही. कोकोच्या बिया वाटून केलेलं घट्ट, कडू पेय, साखर नावाला. त्यात थिओब्रोमिन असतं आणि थोडं कॅफीन, त्यामुळे छाती जरा धडधडते, तरतरी येते, काहींना मळमळतं. प्रथा मूळची मध्य अमेरिकेकडची. डिप्रेशनसाठी गोळ्या चालू असतील, विशेषतः एमएओआय गटातल्या, किंवा हृदयाचा त्रास असेल तर नको. संध्याकाळी घेतलंत तर रात्री झोपेचं खोबरं.

१३. आइस बाथ ट्राय करू का?

तब्येत ठणठणीत असेल आणि शेजारी माणूस उभा असेल तर एक-दोन मिनिटं. पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास अडकल्यासारखा होतो आणि बीपी एकदम चढतं, म्हणून हृदयवाल्यांनी, बीपीवाल्यांनी, गरोदर बायकांनी लांबच राहावं. डोकं बुडवायचं नाही. आत असताना जोरजोरात ब्रेथवर्क अजिबात नाही, पाण्यात शुद्ध हरपली तर कळतही नाही. बाहेर आल्यावर लगेच गरम शॉवरकडे पळू नका, पुसा, कपडे घाला, चालत राहा. रील करायला पाच मिनिटं बसणारे दिसतील, त्यांना बसू द्या.

१४. दारू न पिता नाचायचं? एक्स्टॅटिक डान्सला फारच लाज वाटते.

पहिली दहा मिनिटं वाटतेच. तिथे बोलायचं नाही, मोबाइल नाही, स्टेप नाहीत. कोपऱ्यात नुसतं उभं राहून डोललात तरी चालतं. आमच्या गावातल्या धालोच्या (बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्याच्या) मांडावर वाढलेल्या बायकांना हे सगळ्यात पटकन जमतं असं माझं निरीक्षण आहे, पुणेकर मात्र अर्धा तास हाताची घडी घालून असतात. (पुणेकरांनो, प्रेमाने बोलतेय.) कोणी जवळ येऊन नाचायला लागला आणि नको असेल तर हात जोडून मागे व्हा, ही तिथली मान्य खूण आहे.

१५. वेळापत्रकात "कीर्तन" आहे, म्हणजे बुवा येणार का?

नाही, पूर्वरंग-उत्तररंग, आख्यान, टाळकरी यातलं काही नसतं. गिटार-हार्मोनियमवर एक जण मंत्राची ओळ म्हणतो, बाकीचे मागून, अर्धा-पाऊण तास तेच. उच्चार ऐकून आजीला घाम फुटेल, पण सूर लागला की बरं वाटतं. अभंगाची सवय असलेल्यांनी पुढे बसावं, टाळी तुमच्याच हातात सगळ्यात पक्की असते.

१६. मी एकटी येतेय. सुरक्षित आहे का? टीचरने हात लावला तर?

दिवसा, आवारात, साधारणपणे हो, एकट्या आलेल्या बायका खूप असतात. पण गोड बोलून हद्द ओलांडणारे पण असतात आणि ते नेहमीच्या टपोरीसारखे दिसत नाहीत, लिननचा कुर्ता घालून हळू आवाजात बोलतात.

शिक्षकाने आसन दुरुस्त करायला हात लावण्याआधी विचारायलाच हवं. काही ठिकाणी मॅटच्या कोपऱ्यात ठेवायला टोकन देतात, उलटं ठेवलं की हात लावायचा नाही. नसेल टोकन तर सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, "मला हात लावू नका". जोडीने डोळ्यात बघणं, मिठी, पार्टनर मसाज असले प्रकार मधेच जाहीर होतात, तेव्हा उठून बाहेर जाणं हा पूर्ण पर्याय आहे, कारण द्यायची गरज नाही. नाही म्हटल्यावर "तुमची एनर्जी ब्लॉक आहे", "तुम्ही अजून तयार नाही" असं ऐकू येईल. येऊ दे. बंद खोलीत एकट्याने हीलिंग सेशन असेल तर दार उघडं ठेवायला सांगा किंवा मैत्रिणीला बाहेर बसवा. काही झालं तर व्हॉलंटियरला, मग आयोजकांना लगेच सांगा, दुसऱ्या दिवशी नाही, आणि गरज वाटली तर ११२.

१७. पाळी आली तर? गरोदर असेन तर?

पाळीत बंदी कुठेच नाही, वाटेल ते करा, उलटी आसनं नकोशी वाटली तर सोडा. टॉयलेट तात्पुरते असतात, सामान आणि कागदी पिशवी स्वतःची ठेवा. गरोदर असाल तर प्रीनेटल सत्र, हळू प्राणायाम, चालणं, सावलीत बसणं. पोटावर झोपणं, जोराचे पीळ, कपालभाती, प्रश्न ११ आणि १३ मधलं सगळं बाद. उन्हाचा त्रास पटकन होतो, संध्याकाळचीच वेळ धरा.

१८. मुलं, आई-वडील, व्हीलचेअर यांचं कसं?

मुलांना बहुतेक ठिकाणी एक कोपरा असतो, माती, रंग, गोष्टी. सहा-सात वर्षांच्या खालची मुलं साउंड बाथमध्ये दहा मिनिटं टिकतात, अकराव्या मिनिटाला "आई, संपलं?" हा प्रश्न सगळा मांडव ऐकतो, तेव्हा आळीपाळीने जा. आई-वडिलांसाठी खुर्चीवरचा योगा शोधा, त्यांच्या रोजच्या गोळ्यांची वेळ चुकवू नका, आणि दुपारी घरी नेता येईल अशी गाडी ठेवा.

व्हीलचेअरचं खरं सांगायचं तर वाळू आणि शेत दोन्ही अवघड. पणजीत २०२३ पासून दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट भरायला लागला, तिथे रॅम्प, सांकेतिक भाषा, सगळं होऊ शकतं हे गोव्याने बघितलंय, पण खाजगी फेस्टिव्हलमध्ये ते अजून नशिबावर आहे. तिकिटाआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा, गाडी गेटपर्यंत येते का, टॉयलेटचं दार किती रुंद, मांडवापर्यंत फळ्या टाकल्यात का. "मॅनेज करू" हे उत्तर धरू नका, फोटो मागा.

१९. स्टॉलवर म्हणाले तीन महिन्यांत डायबिटीस जातो. घेऊ का?

नका घेऊ, आणि चालू गोळी बंद तर अजिबात करू नका. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यानुसार मधुमेह, कॅन्सर, बीपी, मुतखडा, लठ्ठपणा अशा यादीतल्या आजारांवर हमखास इलाज म्हणून औषधाची जाहिरात करणंच गुन्हा आहे. म्हणजे बॅनरवर ते लिहिलंय इथेच माणूस कसा आहे ते कळलं. भस्म किंवा रसौषधी (धातू-पाऱ्यापासून केलेली औषधं) तर रस्त्यावर उभं राहून घेण्याची गोष्टच नाही.

आयुर्वेदाबद्दल मला आकस नाही, घरात काढा उकळतोच. पण मग नीट बीएएमएस वैद्याकडे जा. पेडणे तालुक्यातच धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, डिसेंबर २०२२ मध्ये तिचं उद्घाटन झालं, तिथे ओपीडी आहे. स्टॉलवरून तेल, साबण, कोकम आगळ घ्या, काही बिघडत नाही.

२०. शिक्षक खरा की खोटा कसं ओळखायचं? आणि पुढच्या कोर्सला मागे लागतात त्याचं काय?

"आरवायटी २००" म्हणजे दोनशे तासांचं ट्रेनिंग केलेला, आणि इथल्या किनाऱ्यावर ते महिनाभरात होतं, त्यामुळे ती सुरुवात समजा. आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डचं प्रमाणपत्र असेल तर बरं. त्यापेक्षा बघायचं ते हे की तो दुखणं विचारतो का आणि नाही म्हटलेलं ऐकतो का. सत्र संपल्यावर माणूस मऊ झालेला असतो, डोळे ओले, आणि तेव्हाच पुढच्या रिट्रीटचा क्यूआर समोर येतो, "आजच भरलं तर सवलत". त्या दिवशी कशालाच पैसे भरायचे नाहीत हा नियम करून या. चार दिवसांनी पण वाटलं तर भरा.

२१. आपलंच आपल्याला महाग करून विकतात असं नाही का वाटत?

वाटतं कधीकधी. लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून आहे, पुण्यात योगगुरू अय्यंगारांची संस्था १९७५ पासून, तिथे जे शिस्तीत, वर्षानुवर्षं शिकवतात त्याचा इथे तासाभराचा नमुना मिळतो, तोही इंग्रजीत. पण माझी मावशी, जिने जन्मभर घर, शेत आणि भात कांडणं यापलीकडे स्वतःसाठी तासभर काढला नाही, ती फुकट पासवर आली आणि मांडवात दोन तास आडवी पडून राहिली, कोणी "उठ" म्हटलं नाही. त्याची किंमत कशी लावायची मला कळत नाही. माझा राग दरांवर आहे, गावातल्यांना सवलतीचा पास असायला हवा, काही आयोजक देतात. आधारवर पेडणेचा पत्ता असेल तर विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत.

२२. समुद्रात उतरलं तर चालेल? आणि रात्री किनाऱ्यावर बसू का?

लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहा, लाल बावटा असेल तर नाही. 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक दिवसाच असतात, सूर्यास्तानंतर नसतात. ब्रेथवर्क करून लगेच पाण्यात जाऊ नका, कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

रात्रीचं म्हणाल तर मोरजी आणि मांद्रे हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालायचे किनारे आहेत (दक्षिणेला आगोंद, गालजीबाग), आणि हंगाम नेमका फेस्टिव्हलचाच. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि उजेडाकडे चालतात, म्हणजे तुमची शेकोटी किंवा टॉर्च त्यांना समुद्राऐवजी गावाकडे नेते. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेपासून लांब, फ्लॅश बंद, गाणी नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना सगळ्यात वरचं संरक्षण आहे. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंदच करावा लागतो, त्यामुळे "एवढ्या लवकर संपवलं" म्हणून आयोजकांशी भांडू नका. त्यानंतर नाचायला हेडफोन देतात.

२३. रात्री परत कसं जायचं?

बस धरून चालू नका. परतीची टॅक्सी सकाळीच, येताना आणणाऱ्याकडेच ठरवा, नंबर कागदावर लिहा, फोनची बॅटरी संपलेली असते. गेटवर उभं राहून दहा वाजता शोधलीत तर सांगेल ते भाडं. दिवसभर ऊन आणि कमी खाणं यानंतर चोर्ला किंवा आंबोली घाट रात्री स्वतः चालवू नका, मांद्रे-हरमलला होमस्टे घ्या किंवा म्हापशाला राहा. चक्कर, उलटी, ताप वाटला तर गेटवरच्या फर्स्ट एडला जा, गंभीर असेल तर १०८.

२४. सगळे रडत होते, मिठ्या मारत होते, मला काहीच झालं नाही. माझं काही चुकलं का?

नाही. बऱ्याच जणांना काही होत नाही, ते बोलत नाहीत एवढंच. उलटही होतं, साध्या शवासनात गेलेल्या माणसाची आठवण येऊन हुंदके फुटतात, तेव्हा बाहेर येऊन पाणी प्या, कोणाजवळ तरी बसा. पण दोन-तीन दिवसांनीही झोप उडालेली असेल, धडधड जात नसेल, तर पुढचं सत्र शोधू नका, डॉक्टर शोधा. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर हेच आधीच, यायच्या आधी विचारा.

२५. फोटो-रील काढू का?

स्वतःचे, स्टॉलचे, सूर्यास्ताचे काढा. सत्रात नाही. डोळे मिटून रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ तुमच्या स्टेटसवर कशाला? लहान मुलांचे तर आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच. ड्रोन आणू नका, परवानगी लागते.

२६. पास घेतला आणि येता आलं नाही, किंवा पाऊस आला तर?

सीझनमध्ये पाऊस क्वचित, पण नोव्हेंबरात अरबी समुद्रात काही तयार झालं तर येतो, तेव्हा मांडव बदलतात, पैसे सहसा परत देत नाहीत. तुम्हीच येऊ शकत नसाल तर आयोजकांना मेल करून नाव बदलून मागा, बरेच जण करून देतात, फक्त आदल्या दिवसापर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी अर्ध्या किमतीत क्यूआर विकत असेल तर नावबदलाचा मेल बघितल्याशिवाय पैसे टाकू नका, तोच क्यूआर चार जणांना विकलेला असतो, पहिला गेटवर स्कॅन झाला की उरलेले तिघं माझ्याशी भांडतात.